ड्रेन बोल्टचे आटे गेले: कॉइल बसवू की बुश?

रातकिडा
मंडळी, सल्ला हवाय. दीडशे सीसीची एअर-कूल्ड सिंगल सिलिंडर गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. ऑइल बदलायला ड्रेन बोल्टला (इंजिनच्या तळाचा, ऑइल सोडायचा बोल्ट) पाना लावला तर पहिला जो कट्ट आवाज येऊन बोल्ट सुटतो ना, तसं काही झालंच नाही, नुसता गुळगुळीत फिरत फिरत हातात आला. बघतो तर बोल्टच्या आट्यांमधे अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळलेली, एखाद्या बारीक स्प्रिंगसारखी, म्हणजे केसिंगचे आटेच बोल्टबरोबर बाहेर आलेत. आणि वर पांढरी टेफ्लॉन टेप. म्हणजे आधीच्या कुणाला तरी हे माहीत होतं आणि टेप मारून वेळ मारून नेलीय.

बोल्ट एम१२ आहे (म्हणजे व्यास १२ मिमी), पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५ मिमी. मॅन्युअलमधे टॉर्क २५ न्यूटन-मीटर दिलाय. आता काय करू? कुणी म्हणतं हेलिकॉइल (भोकात बसवून नवे आटे देणारी तारेची कॉइल) टाक, कुणी म्हणतं ड्रेन बोल्टला कॉइल चालत नाही सॉलिड बुशच (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) पाहिजे, कुणी म्हणतं जाड बोल्ट ठोक. मला कायमचं काम करायचंय, दर ऑइल चेंजला धाकधूक नको. आणि शक्यतो इंजिन खोलायचं नाहीये.

क्लचवायर
एम१४ चा सेल्फ टॅपिंग ड्रेन बोल्ट मिळतो. स्वतःच आटे पाडत आत जातो. दहा मिनिटांत विषय कट.

सावनी_
नको नको नको. क्लचवायर दादा, राग मानू नका, पण त्या सेल्फ टॅपिंग बोल्टने फुटलेले बॉस (भोकाभोवतीचा केसिंगचा जाड भाग) मी पाहिलेत. आधीच अ‍ॅल्युमिनियम पातळ, त्यात तो बोल्ट पाचरीसारखा घुसतो, किंचित जरी तिरका लागला की एका बाजूला केसाएवढी चीर, आणि चीर पडली की मग कॉइल नाही, बुश नाही, सरळ वेल्डिंग. शिवाय कापलेला सगळा चुरा कुठे जातो? सम्पमधे, म्हणजे तळाशी ऑइल साठतं तिथे.

रातकिडा, पहिलं काम म्हणजे बॅटरी आणि आरसा घेऊन त्या भोकाच्या भोवती चीर आहे का बघा. ब्रेक क्लीनरने धुवा, कोरडं करा, मग बघा. शंका आली तर डाय पेनेट्रंटचा स्प्रे मिळतो, लाल रंग मारायचा, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, चीर असेल तर लाल रेघ उमटते. चीर असेल तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ आहे.

निवांत
दुसरं काम म्हणजे खोली मोजा. बऱ्याच इंजिनांत भोक बोल्टपेक्षा खोल असतं आणि आतले आटे कोरे करकरीत असतात. तसं असेल तर थोडा लांब बोल्ट टाकून काम भागतं, ड्रिलला हात लावायची गरज नाही. कव्हरच्या एम६ बोल्टांना ही युक्ती मी कायम वापरतो. व्हर्नियरच्या मागची पट्टी आत घालून खोली घ्यायची, बोल्टची लांबी वॉशरसकट वजा करायची.

फक्त बंद भोक असेल तर लांब बोल्ट तळाला टेकणार नाही ना हे बघायचं. आणि आत ऑइल साचलेलं असेल तर आधी काढायचं. ऑइल दाबलं जात नाही, बोल्ट आवळला की ते केसिंगच फोडतं.

रातकिडा
@सावनी ताई, चीर दिसत नाहीये, नीट धुऊन बघितलं. @निवांत, भोक आरपार आहे, सम्पमधे उघडतं. आत साधारण दोन आटे बरे वाटतात पण तेवढ्यावर भरवसा नाही वाटत.

निवांत
दोन आटे म्हणजे काहीच नाही. लांब बोल्ट बाद.

टर्नरकाका
रातकिडा, आयुष्य लेथवर गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आटे का जातात ते बघा. बोल्ट स्टीलचा, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. बोल्ट आवळला की भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही, डोक्याकडचा पहिला आटाच साधारण एक तृतीयांश भार घेतो, पुढचे कमी कमी. पहिला आटा वाकला की भार दुसऱ्यावर जातो, मग तिसऱ्यावर. म्हणून आटे एका दिवसात जात नाहीत, दर वेळी थोडा जास्त जोर लावला की एकेक करून जातात आणि शेवटच्या वेळी ज्याच्या हातात पाना असतो त्याच्या नावावर बिल फाटतं. म्हणूनच अ‍ॅल्युमिनियममधे बोल्टच्या व्यासाच्या दीड ते दोन पट खोलीचे आटे ठेवतात, स्टीलमधे एक पट पुरतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. एम१२ बाय १.५ ची हेलिकॉइल बसवायला साधारण साडेबारा मिमीचं ड्रिल मारतात (किटवर जो आकडा असेल तोच घ्यायचा) आणि त्यात जो खास टॅप (आटे पाडायचं हत्यार) जातो त्याचा बाहेरचा व्यास किती होतो माहितीये? बोल्टचा व्यास अधिक पिचच्या १.३ पट. म्हणजे १२ अधिक १.९५, जवळपास १४. आणि एम१४ बाय १.५ चे साधे आटे पाडायला ड्रिल किती लागतं? साडेबारा. म्हणजे कॉइल काय किंवा व्यवस्थित टॅप करून एम१४ बोल्ट काय, केसिंगमधून धातू तेवढाच जातो! फरक एवढाच की कॉइलमधे तुमचा मूळ बोल्ट राहतो आणि तो दर वेळी स्टेनलेसच्या आट्यांत फिरतो, अ‍ॅल्युमिनियमला परत कधी घासत नाही. एम१४ बोल्टमधे परत अ‍ॅल्युमिनियमच झिजणार, काही वर्षांनी तुम्ही परत इथंच.

सॉलिड बुशला, म्हणजे लेथवर करून घेतलेल्या बुशला, बाहेरून निदान एम१६ लागतो. त्यासाठी बॉसमधे मांस पाहिजे. आधी बॉसचा बाहेरचा व्यास मोजा आणि चारही बाजूंनी मोजा, कास्टिंगमधे भोक मधोमध असेलच असं नाही.

गियरबदल
काकांचा प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावण्यासारखा आहे.

क्लचवायर
@सावनी, राग कसला. पण काकांनीच म्हटलंय की एम१४ मधे धातू तेवढाच जातो.

टर्नरकाका
क्लचवायर, नीट वाचा. *व्यवस्थित ड्रिल आणि टॅप मारून* एम१४. सेल्फ टॅपिंग नव्हे. बोल्टला दोन खाचा पाडल्या म्हणून तो टॅप होत नाही. टॅपचे दात धार लावलेले असतात, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे करत चुरा तोडत जातो. बोल्ट नुसता रेटत जातो.

अ_कुलकर्णी_इंजि
एका मुद्द्यावर माझा विरोध नोंदवतो. ड्रेन बोल्टला कॉइल योग्य नाही. कॉइल म्हणजे तार, आणि तारेच्या मागून, म्हणजे कॉइल आणि केसिंगच्या मधून, ऑइलला गोल गोल वर चढायला वाट मिळते. शिवाय ड्रेन बोल्ट दर दोन-तीन हजार किलोमीटरला उघडला जातो, कधीतरी बोल्टबरोबर कॉइल बाहेर येते. कव्हरच्या बोल्टला कॉइल, ड्रेनला सॉलिड इन्सर्ट, हा माझा नियम.

टर्नरकाका
मुद्दा रास्त पण अर्धा. ऑइल आट्यांनी अडतच नाही, नव्या केसिंगमधेही नाही. ऑइल अडवतो वायसर (वॉशर). कॉइलच्या मागून ऑइल आलं तरी ते येतं वायसरच्या खाली. एम१२ च्या वायसरचा बाहेरचा व्यास समजा २० आणि भोक १४ चं, तर चहूबाजूंनी ३ मिमीचा पट्टा बसायला उरतो. तेवढा पुरेसा आहे, पण अट ही की भोकाच्या तोंडाला काउंटरसिंक (कडेला तिरपा उतार) नावापुरतंच मारायचं आणि तो पट्टा सपाट पाहिजे. आटे गेलेल्या भोकाच्या तोंडाशी धातू वर उचलला गेलेला असतो, बोट फिरवलं तरी लागतो. तो बारीक सपाट दगडाने घासून काढा. कानस नको, कानस एका बाजूला जास्त खाते.

उलट बुशमधे वायसर बसतो बुशच्या कॉलरवर, मग बुश आणि केसिंगच्या मधली गळती वायसर अडवू शकत नाही, ती अडवायची फक्त लॉकिंग केमिकलने. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम सारखे फुगत नाहीत, अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट फुगतं. १६ मिमीवर ८० अंशांचा फरक पडला तर साधारण ०.०१४ मिमीची फट पडते. कमी वाटते, पण ऑइल तेव्हा पाण्यासारखं पातळ असतं. म्हणून बुश टाकताना डिग्रीज करण्यात (तेलकटपणा पूर्ण काढण्यात) कसूर केली की हमखास पाझरतो.

अ_कुलकर्णी_इंजि
वायसरचा मुद्दा मान्य, त्या अंगाने विचार केला नव्हता. पण कॉइल बोल्टबरोबर बाहेर येण्याचं काय?

टर्नरकाका
कॉइल बाहेरच्या व्यासाला भोकापेक्षा मोठीच असते, दाबून आत जाते आणि आत गेली की फुगून धरते. बाहेर तेव्हाच येते जेव्हा भोक मोठं झालंय. आणि भोक मोठं होतं हातातलं ड्रिल हलल्यामुळे. दोष कॉइलचा नसतो.

फिरता_पाना
काकांना +१. मी आजवर ज्या कॉइली निघालेल्या पाहिल्या त्या सगळ्या तिरक्या किंवा ढिल्या भोकातल्या. लोक इन्सर्टच्या ब्रँडवर तासभर वाद घालतात आणि भोक हँड ड्रिलने अंदाजपंचे मारतात. या अख्ख्या कामात परत न फिरणारी पायरी एकच, ड्रिल. बाकी सगळं उलट करता येतं.

पावसाळी_रायडर
मला एक कळत नाही, एवढा खटाटोप करण्यापेक्षा बोल्ट इपॉक्सी लावून कायमचा बंद करून टाका आणि ऑइल वरून सक्शन पंपाने ओढून काढा की.

सावनी_
ऑइल ओढून काढता येतं, पण तळाशी जो गाळ बसतो तो तसाच राहतो. आणि ज्या गाड्यांना कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आहे, तिथे मी तरी हे करणार नाही. इपॉक्सी रोजच्या गरम-थंड होण्यात कधी सुटेल सांगता येत नाही, आणि सुटली तर ऑइल कुठे सांडणार? मागच्या टायरसमोर. चालत्या गाडीत.

क्लचवायर
हा मुद्दा पटला. टायरवर ऑइल नको रे बाबा.

निवांत
रस्त्यात अडकलात तर रबरी एक्स्पांडिंग प्लग मिळतो, स्क्रू फिरवला की रबर फुगून भोकात बसतं. घरी पोचण्यापुरतं ठीक.

चंपूचा_बाबा
वेल्डिंगने भरून घेऊन नवीन आटे पाडले तर? आर्गॉन वेल्डिंगवाला ओळखीचा आहे माझ्या.

अ_कुलकर्णी_इंजि
शेवटचा पर्याय. वर्षानुवर्षं ऑइल प्यालेलं कास्टिंग असतं, कितीही धुवा, वेल्ड करताना आतलं ऑइल वर येतं आणि वेल्डमधे बुडबुड्यांची भोकं राहतात. शिवाय त्या उष्णतेने केसिंग वेडंवाकडं होऊ शकतं, गास्केट फेस आणि बेअरिंगच्या जागा बिघडतात. त्यासाठी इंजिन पूर्ण खोलावं लागतं. चीर असेल तर इलाज नाही, पण नुसत्या आट्यांसाठी नको.

गियरबदल
अवांतर: कव्हरच्या एम६ बोल्टांचा विषय निघालाच आहे तर विचारतो. क्लच कव्हरचे दोन बोल्ट फ्री फिरतायत. टॉर्क रेंचनेच आवळले होते १२ न्यूटन-मीटरला, तरी असं का?

सावनी_
दोन शक्यता. एक, बोल्टांच्या जागा अदलाबदल झाल्या. कव्हरचे बोल्ट दोन-तीन लांबीचे असतात, आखूड बोल्ट खोल भोकात गेला की चार आट्यांवर लटकतो आणि बरोब्बर टॉर्कलाही आटे घेऊन येतो. मी कव्हर उघडताना पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढते, भोकं पाडते आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच खोचून ठेवते. नंतर बघायचं, कव्हर नुसतं ठेवल्यावर सगळे बोल्ट सारखेच वर राहिले पाहिजेत. एखादा जास्त बुडाला किंवा जास्त उभा राहिला तर तो चुकीचा.

दुसरी, आट्यांना ऑइल किंवा ग्रीस होतं का?

गियरबदल
कॉपर ग्रीस लावलं होतं थोडं. पुढच्या वेळी गंजून अडकू नये म्हणून.

अ_कुलकर्णी_इंजि
सापडलं. टॉर्क रेंच बोल्टमधला ताण मोजत नाही, फिरवायला किती जोर लागतो ते मोजतो. साधारण हिशोब असा की लावलेल्या जोरातला निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेला जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला. ग्रीस लावलं की घर्षण कमी, म्हणजे तेवढ्याच १२ न्यूटन-मीटरला ताण कितीतरी जास्त. मॅन्युअलमधला आकडा वेगळं लिहिलं नसेल तर कोरड्या आट्यांचा असतो. ग्रीस लावायचंच असेल तर टॉर्क कमी करा.

आणि रेंच कुठला आहे? मोठा १०-१०० चा असेल तर खालच्या टोकाला विश्वास ठेवू नका. एम६ साठी छोटा, जेमतेम २५ पर्यंत जाणारा घ्या. युनिटही बघा. काही मॅन्युअलमधे किलोग्रॅम-फोर्स-मीटर असतं, १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. फूट-पाउंड असेल तर १ म्हणजे १.३५६. यात गफलत झाली की आटे गेलेच.

गियरबदल
१०-१०० चाच आहे :( सगळ्याचा उलगडा झाला. धन्यवाद.

चंपूचा_बाबा
स्पार्क प्लगलाही हेच ना? कंपनीचं कॉपर ग्रीस लावू नका म्हणून सांगतात.

अ_कुलकर्णी_इंजि
हो. एनजीके स्वतः सांगते की त्यांच्या प्लगच्या आट्यांवर कोटिंग असतं, अँटी-सीझ (म्हणजे असलं ग्रीस) लावू नका, जास्त आवळला जातो. अ‍ॅल्युमिनियम हेडमधे १४ मिमी प्लगला २५-३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५-२०, १० मिमीला १०-१२. आणि प्लग काढायचा तो इंजिन गार असताना.

फिरता_पाना
प्लगचे आटे गेले तर मात्र हेड उतरवा मंडळी. टॅपला ग्रीस लावून, एक्झॉस्ट व्हॉल्व उघडा ठेवून हवा मारून लोक काम भागवतात, मी नाही भागवत. एक कीस सिलिंडरमधे राहिला की बोअरवर ओरखडा.

रातकिडा
वाचतोय सगळं. बॉस मोजला. बाहेरून २४ मिमी, पण भोक मधोमध नाहीये, काका म्हणाले तेच निघालं. १४ चं भोक धरलं तर पातळ बाजूला ४ मिमी उरतंय, १६ चं धरलं तर ३. कॉइलकडे कल आहे आता. फक्त ड्रिल सरळ कसं धरू हे सांगा, गाडीखाली आडवं पडून वर ड्रिल धरायचंय.

टर्नरकाका
कॉइलच टाका. आणि पॉवर ड्रिल वापरूच नका.

सांगतो कसं. एक जाड लोखंडी ठोकळा घ्या, निदान २०-२५ मिमी जाडीचा, दोन्ही तोंडं सपाट. पिलर ड्रिलवर (स्टँडवरचं उभं ड्रिल मशीन) त्यात साडेबाराचं भोक काटकोनात मारून घ्या, तसाच दुसरा टॅपच्या मापाचा. हा तुमचा गाईड. ड्रेनच्या सपाट तोंडावर ठोकळा टेकवायचा, मूळ भोकाशी मधोमध जुळवायचा आणि क्लँपने धरायचा. ड्रिल टॅप हँडलमधे अडकवून हाताने फिरवायचं. होय, हाताने. भोक आधीच अकरा-बारा मिमी उघडं झालंय, कापायचं आहे ते जेमतेम, अ‍ॅल्युमिनियम मऊ, हाताने आरामात निघतं. पॉवर ड्रिल अशा ठिकाणी दातांत अडकतं आणि एका झटक्यात स्वतःला आत ओढून घेतं. मशीनवरच मारायचं असेल तर ड्रिलच्या दोन्ही ओठांची धार बारीक दगडाने जराशी मोडून घ्यायची, पितळेला करतो तसं, मग ते खेचत नाही.

टॅप सुरू केल्यावर पहिले दोन फेरे झाले की गाईड काढून गुण्या लावून बघा, दोन दिशांनी, नव्वद अंशांत. तिरका असेल तर तेव्हाच दुरुस्त होतो, चार फेऱ्यांनंतर नाही. वंगण म्हणून रॉकेल. टॅपच्या खाचा ग्रीसने भरा, चुरा त्यात चिकटून बाहेर येतो. मधेमधे पूर्ण बाहेर काढून पुसा.

सावनी_
खालून वर काम चाललंय ही जमेची बाजू, बराचसा चुरा खालीच पडतो.

पण नंतर धुणं हवंच. बोल्ट न लावता वरून थोडं स्वस्तातलं ऑइल सोडा, खाली पांढरं फडकं धरा, परत सोडा, फडक्यावर चकचकीत कण दिसायचे थांबेपर्यंत. मॅग्नेटवर विसंबू नका, अ‍ॅल्युमिनियम मॅग्नेटला लागत नाही. जाळी असेल तर काढून धुवा.

फिरता_पाना
कॉइलची दांडी विसरू नका. खालच्या टोकाला आडवी तार असते, कॉइल फिरवायला, बसवल्यावर ती तोडायची असते. बंद भोकात ठोकून तोडतात. तुमचं भोक सम्पमधे उघडतंय, तिथे ठोकली तर तुकडा आत जाईल, आणि तो स्टेनलेसचा असल्याने मॅग्नेटला नीट लागेलच असं नाही. बारीक नाकाच्या पकडीने धरून पुढे-मागे वाकवा, खाचेपाशी तुटते, पकडीतच राहते. किंवा बिनदांडीची कॉइल मिळाली तर उत्तम.

कॉइल तोंडापासून पाव ते अर्धा फेरा आत बसवा. बाहेर डोकावली तर वायसर बसणार नाही.

पावसाळी_रायडर
आणि टॅपच तुटला आत तर?

टर्नरकाका
तर घाई करायची नाही. टॅप साध्या ड्रिलने निघत नाही, ड्रिलइतकाच कडक असतो. टोक बाहेर असेल तर खाचांमधे बोटं घालणारा एक्स्ट्रॅक्टर मिळतो. नाहीतर स्पार्क इरोजनवाल्याकडे, तो विजेच्या ठिणगीने टॅपचा गाभा जाळून काढतो, आटे शाबूत राहतात. म्हणून चांगला एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) टॅप घ्या आणि फिरवताना करकर आवाज आला की मागे फिरा.

रातकिडा
काम झालं मंडळी. उशीर झाला कारण गाईडचे ठोकळे करून मिळायला वेळ लागला. ड्रिल हातानेच मारलं. पहिल्यांदा गुण्या लावला तेव्हा टॅप एका अंगाला किंचित कललेला दिसला, मागे घेऊन परत गाईड लावून सुरू केला, मग नव्वदात आला. तोंड दगडाने घासल्यावर आधीच्या वायसरचा जो चंद्रकोरीएवढा अर्धवट ठसा होता तो गेला, म्हणजे आधी वायसर एकाच बाजूला बसत होता. कॉइल अर्धा फेरा आत. दांडी पकडीने तोडली, तुकडा हातात आहे. फडक्यावर चमक दिसायची थांबेपर्यंत ऑइल सोडलं. नवा तांब्याचा वायसर, टॉर्क २२ ला थांबवला. फिरवून आलो, गरम इंजिनवर बोट लावून बघितलं, रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला, कोरडा.

अ_कुलकर्णी_इंजि
उत्तम. २२ पुरेसा आहे, मॅन्युअलचा २५ हा मूळ इंजिनासाठी आहे, तिथपर्यंत ओढायची गरज नाही. वायसर दर वेळी नवा. जुना तांब्याचा परत वापरायचाच असेल तर लालबुंद तापवून गार करा, मऊ होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या वायसरला हे करू नका.

सावनी_
मस्त! पहिले एक-दोन ऑइल चेंज लवकर करा आणि जाळी बघा.

क्लचवायर
अभिनंदन. माझ्या गाडीचा सेल्फ टॅपिंग बोल्ट आता काढून बघतोय, सावनी ताईंनी घाबरवलंय.

सावनी_
काढाल तेव्हा आधी बॉस धुऊन चीर बघा, आणि बघूनच परत आवळा.

मुसाफिर_७
धागा वर काढतोय. एक्झॉस्टचा स्टड (बिनडोक्याचा, आटे असलेला बोल्ट) हेडमधे तुटलाय, एम८. थोडा बाहेर आहे, साधारण बोटाच्या पेराएवढा. कॉइलचं नंतर बघू, आधी निघेल कसा?

फिरता_पाना
बाहेर आहे ना, मग नशीबवान आहात. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण पुसा, पेटेल नाहीतर, आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. मग हीट गनने स्टडभोवतीचं *हेड* तापवा, स्टड नाही. अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं म्हणून पकड सुटते. स्टडवर दोन नट चढवून एकमेकांवर आवळा आणि आतल्या नटाला पाना लावून उलटं फिरवा. एका दिशेने ओढत राहू नका, थोडं सोडा थोडं आवळा असं हलवत आणा. चुरचुर आवाज येऊन हलला की परत ऑइल सोडा. नटाला आटे पुरत नसतील तर स्टड एक्स्ट्रॅक्टरचं रोलरवालं सॉकेट.

टर्नरकाका
आणि एवढं करून मधेच तुटला तर मुसाफिर, तिथेच थांबा आणि हेड उतरवून पिलर ड्रिलखाली न्या. मधोमध पंच मारून डाव्या हाताचं, म्हणजे उलट्या दिशेने कापणारं ड्रिल वापरा, बऱ्याचदा ड्रिल मारता मारताच स्टड फिरून बाहेर येतो. नाहीच आला तर आटे पाडायचं मूळ ड्रिल ६.८ चं, तिथपर्यंत मधोमध गेलात तर स्टडची उरलेली तार टोच्याने सोलून काढता येते आणि मूळ आटे वाचतात. ८.३-८.४ वर जाऊन कॉइल टाकायची वेळ त्यानंतर.

मुसाफिर_७
पिलर ड्रिल ओळखीच्याकडे आहे. उद्या तापवून बघतो, इथे कळवतो.